नाशिकच्या माध्यमिक शाळेतील क्रीडा संघ आणि मंडळे : वर्षभराची आखणी कशी करावी

शाळेतील खेळांचे वर्ष जूनच्या मध्यावर, शाळा उघडते त्या दिवशी सुरू होते असे बहुतेक ठिकाणी धरले जाते, आणि संघांच्या पुष्कळशा अडचणींचे मूळ याच समजुतीत असते. शालेय क्रीडा स्पर्धांचे तालुका, महापालिका आणि जिल्हा स्तरावरचे सामने साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होतात. जूनमध्ये मुले निवडून सरावाला लागलेल्या संघाच्या हाती त्यामुळे जेमतेम आठ-दहा आठवडे उरतात, आणि नाशिकमध्ये ते आठवडे नेमके पावसाचे असतात. काळ्या मातीच्या मैदानावर पाय रुततो, आखलेल्या रेषा तासाभरात वाहून जातात, आणि आठवड्यातून दोन दिवस जरी मुले मैदानावर उतरू शकली तरी समाधान मानावे लागते. ज्या संघाने आदल्या जानेवारी ते एप्रिलमध्ये धावण्याचा, वाकण्याचा, उडीचा आणि एकमेकांना ओळखण्याचा पाया घातलेला असतो, तोच संघ या पावसाळी दोन महिन्यांत टिकतो. म्हणून पुढील आखणी जानेवारीपासून सुरू केली आहे. ती क्रीडा शिक्षक, मुख्याध्यापक आणि एखाद्या मंडळाची जबाबदारी नव्याने स्वीकारलेले विषय शिक्षक अशा तिघांनाही वापरता यावी, असा प्रयत्न आहे.

जानेवारी : किती संघ आणि कोणती मंडळे, हे आधी ठरवावे

स्नेहसंमेलन आणि वार्षिक क्रीडा महोत्सव आटोपले की मुख्याध्यापकांसह एक बैठक घ्यावी आणि पुढील वर्षी शाळा कोणत्या खेळांत उतरणार, हे त्याच बैठकीत लेखी ठरवावे. येथे हात आखडता घेणेच शहाणपणाचे ठरते. केवळ खो-खो हा एकच खेळ घेतला तरी १४ आणि १७ वर्षांखालील मुले व मुली असे चार संघ होतात, आणि प्रत्येकी बारा खेळाडू धरले तर ४८ मुलांचा सराव, गणवेश, प्रवास आणि कागदपत्रे आली. कबड्डी आणि व्हॉलीबॉल यांची भर घातली की एकच क्रीडा शिक्षक असलेल्या शाळेचा आवाका संपतो. आठ खेळांत नावनोंदणी करून सहा खेळांत पहिल्याच फेरीत बाहेर पडणारी शाळा मुलांना खेळाचा आनंदही देत नाही आणि शिस्तही देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळ निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे शाळेचे स्वतःचे मैदान. त्यावर खो-खोचे मैदान बसते का, की कबड्डीच्या एका मैदानापुरतीच जागा आहे, हे टेप लावून मोजावे. दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षकांपैकी कोणाला कोणता खेळ खरोखर येतो; गणिताचे एखादे सर महाविद्यालयात व्हॉलीबॉल खेळलेले असतात आणि त्यांना कोणी विचारलेलेच नसते. तिसरी गोष्ट म्हणजे मुले कोठून येतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील मुले ज्या शाळेत किंवा जवळच्या वसतिगृहात आहेत, तिने लांब पल्ल्याच्या धावण्याकडे दुर्लक्ष करणे हे मोठे नुकसान आहे. कविता राऊत ही त्याच डोंगरी भागातील सावरपाड्याची. तिने नाशिकमध्ये सराव करून २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. मैदानी स्पर्धांना मोठा संघ लागत नाही, चटई लागत नाही, खुंट लागत नाहीत. चार-पाच मुले, एक स्टॉपवॉच आणि नियमित येणारा एक शिक्षक एवढ्यावर सुरुवात होते.

मंडळांनाही हाच न्याय लावावा. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना, स्काउट-गाइड, राष्ट्रीय छात्रसेना, बुद्धिबळ मंडळ अशी यादी फलकावर शोभते. परंतु प्रत्येक मंडळाला एक जबाबदार शिक्षक, आठवड्यातील एक ठरलेली तासिका आणि वर्षातील एक ठोस काम नसेल, तर ते मंडळ उद्घाटनापुरतेच राहते. याच बैठकीत एक नियम करून टाकावा : एका विद्यार्थ्याने एका वर्षात एक संघ आणि एक मंडळ, एवढेच स्वीकारावे. हुशार आणि उत्साही अशी सातवी-आठवीतील मुलगी सगळ्याच शिक्षकांना हवी असते. खो-खोची कर्णधार तीच, वक्तृत्वाला तीच, विज्ञान प्रदर्शनाला तीच आणि छात्रसेनेतही तीच, असे झाले की सप्टेंबरमध्ये ती थकते आणि तिच्यामुळे मागे राहिलेल्या दहा मुलींना संधीच मिळत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल : निवड आणि पाया

निवड चाचणी फेब्रुवारीत घ्यावी, म्हणजे सध्याच्या पाचवी ते नववीच्या मुलांतून पुढील वर्षाचे संघ उभे राहतात. चाचणी खेळाची नसावी, शरीराची असावी. ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, उभ्याने लांब उडी आणि पुढे वाकण्याची चाचणी एवढ्यातून मुलाचा वेग, दम, ताकद आणि लवचिकता यांचा चांगला अंदाज येतो. नोंदी वहीत नाव, जन्मतारीख आणि वेळ अशा रकान्यांत कराव्यात. जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्याच चाचण्या घेतल्या की कोण पुढे गेले आणि कोणाचा सराव केवळ हजेरीपुरता होता, हे आपोआप दिसते. मुलांनाही स्वतःचे आकडे पाहायला आवडते, आणि जे मूल पहिल्या बारांत आले नाही त्याला कशात सुधारणा करायची हे नेमके सांगता येते.

येथे जन्मतारखेकडे आवर्जून लक्ष द्यावे. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात आणि वय मोजण्याची तारीख इयत्तेवर अवलंबून नसते. उदाहरणार्थ, २०२५-२६ या वर्षी १४ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २०१२ रोजी किंवा त्यानंतर जन्म असणे आवश्यक होते, आणि १७ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर. पुढील वर्षी ही तारीख एक वर्षाने पुढे सरकते. आठवीच्या एकाच वर्गात डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा वरच्या गटात आणि त्याच्या शेजारी बसणारा, जानेवारीत जन्मलेला मुलगा खालच्या गटात, असे नेहमी घडते. निवड करतानाच हे पाहिले नाही, तर तयार केलेला अर्धा संघ प्रवेशिका भरताना बाद होतो. सुब्रोतो चषक फुटबॉल आणि नेहरू चषक हॉकी या स्पर्धांचे वयोगट आणि वेळापत्रक वेगळे असते. त्या इतर खेळांच्या आधी, पावसाळ्याच्या तोंडावरच सुरू होतात. त्यामुळे फुटबॉल खेळणाऱ्या शाळेची तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच पूर्ण झालेली असावी लागते.

सरावाची वेळ ठरवताना नाशिकचे हवामान आणि बसचे वेळापत्रक अशा दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात. जानेवारीत पहाटेचा गारठा इतका असतो की अंग पूर्ण गरम न करता वेगाने धावायला लावले तर मांडीचा मागचा स्नायू दुखावतो; त्या महिन्यात हलके धावणे आणि ताण देणे यांना निदान पंधरा मिनिटे द्यावीत. मार्चच्या मध्यापासून उलट स्थिती येते आणि सकाळी साडेआठनंतर मैदानावर थांबू नये. संध्याकाळचा सराव घेणाऱ्यांनी गिरणारे, आडगाव, विल्होळी या बाजूंना जाणाऱ्या मुलांची बस कितीला आहे हे विचारून त्याप्रमाणे शिट्टी वाजवावी. शेवटची बस चुकलेल्या मुलीच्या घरी जो घोर लागतो, त्यानंतर ते घर तिला सरावाला पाठवत नाही, आणि त्यात त्या घराची काही चूक नसते.

या तीन महिन्यांत सामन्यांपेक्षा मूलभूत कौशल्यांवर भर द्यावा. खो-खोत खुंटावरून वळणे, बसलेल्या स्थितीतून एका झटक्यात उठणे, खो मिळताच दिशा ठरवणे आणि साखळी पळती (बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणे) करणे. कबड्डीत ‘निदान रेषा’ (चढाई करणाऱ्याने परतण्याआधी ओलांडायलाच हवी ती रेषा) ओलांडून परत येण्याची चढाई, घोट्याची पकड, आणि दोघांनी हात धरून साखळी करणे. व्हॉलीबॉलमध्ये खालून दिलेला पास इच्छित ठिकाणी पोहोचवणे. रोज चाळीस मिनिटे हेच करावे आणि शेवटची दहा मिनिटे मुलांना मोकळे खेळू द्यावे. ती दहा मिनिटे कापू नयेत. बहुतेक मुले त्यांच्यासाठीच येतात.

मे : मैदान

पाऊस पडण्याआधी मैदानावर केलेला खर्च वर्षभर उपयोगी पडतो. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून तिच्यावर चाळलेल्या मुरुमाचा थर टाकून, हलके पाणी मारून, ओल जिरल्यावर रोलर फिरवावा. मैदानाच्या मध्याकडून कडेकडे किंचित उतार ठेवावा आणि कडेने चर खणून पाणी बाहेर काढावे. खो-खो आणि कबड्डीच्या जागेतील खडे मुलांना रांगेत उभे करून हाताने वेचून घ्यावेत. सूर मारताना गुडघा फुटतो तो बहुधा अशा एखाद्याच खड्याने. खो-खोचे खुंट जमिनीपासून १२० ते १२५ सेंटीमीटर उंच, गुळगुळीत आणि पक्के रोवलेले असावेत, वर धारदार कड नसावी. रेषा आखण्यासाठी फक्की वापरावी. कळीचा चुना डोळ्यांत आणि ओरखड्यांत जाऊन भाजतो, त्यामुळे तो मैदानावर आणूच नये.

जून आणि जुलै : कागदपत्रांचे दोन महिने

या टप्प्यावर अनेक चांगले संघ मैदानात न उतरताच बाहेर पडतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

शालेय स्पर्धांचे आयोजन क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या अखत्यारीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होते. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि नाशिक व मालेगाव अशा दोन महापालिका आहेत. ग्रामीण भागातील शाळा तालुका स्तरावरून जिल्हा स्तरावर जाते. महापालिका हद्दीतील शाळांची स्पर्धा स्वतंत्र होते आणि तेथील विजेते थेट विभागीय स्पर्धेत जातात. त्यानंतर राज्य आणि राष्ट्रीय स्तर येतो. आपली शाळा कोणत्या हद्दीत मोडते हे शहराच्या कडेला असलेल्या शाळांनी गृहीत धरू नये, कार्यालयात विचारून घ्यावे. वर्षाच्या सुरुवातीला होणाऱ्या क्रीडा शिक्षकांच्या बैठकीला स्वतः हजर राहावे, कारण त्या वर्षीचे बदल, स्पर्धेची ठिकाणे आणि प्रवेशिकेची अंतिम मुदत तेथेच कळते. व्हॉट्सअॅप गटावर आलेला निरोप उपयोगी असला तरी मूळ परिपत्रक छापून फाइलला लावावे.

प्रत्येक खेळाडूची एक वेगळी प्लास्टिकची फाइल करावी. तिच्यात जन्मदाखल्याची प्रत, आधार कार्डाची प्रत, शाळेचा बोनाफाईड दाखला, अलीकडचे दोन फोटो, पालकांचे लेखी संमतिपत्र, रक्तगट आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक ठेवावेत. मग एका शांत दुपारी कार्यालयीन लिपिकांसह बसून जनरल रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला या तिन्हींतील नाव आणि जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी. ‘श्री’ आणि ‘श्रि’ यांतील फरक, आडनावातील एखादे अक्षर, वडिलांच्या नावाचा क्रम अशा गोष्टी वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाहीत. विभागीय स्पर्धेत दुसऱ्या संघाने हरकत घेतली की मात्र त्यांचे वजन कळते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे नेऊ नये.

ऑनलाइन नोंदणी शाळेच्या अधिकृत लॉगिनमधून होते. पासवर्ड एकाच शिक्षकाच्या भ्रमणध्वनीत अडकून राहू नये, मुख्याध्यापकांकडेही त्याची नोंद असावी. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते हे सर्वांना ठाऊक असते, तरीही बहुतेक शाळा शेवटच्या दिवसासाठीच थांबतात. मुदतीच्या चार दिवस आधी यादी भरून टाकावी आणि बारा जणांच्या यादीत राखीव खेळाडूंची नावेही विचारपूर्वक घालावीत. ऐन वेळी एखादे मूल आजारी पडले तर यादीबाहेरचा खेळाडू उतरवता येत नाही. कबड्डीसारख्या खेळात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. ती परिपत्रकात पाहून मुलांचे वजन महिन्यातून एकदा नोंदवावे. परंतु वजन उतरवण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवण्याचा विचारही कोणी करू नये. तो मुलगा वजनात बसत नसेल तर त्याला गोळाफेकीकडे वळवावे. तेथे त्याची अंगलोट गुणाची ठरेल.

पावसातला सराव

मैदान पाण्याखाली असते तेव्हा सराव बंद ठेवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे. सभागृहात किंवा पत्र्याच्या शेडखाली दोरीउड्या, सूर्यनमस्कार, पोट-पाठीचे व्यायाम आणि जोडीतील ताकदीचे व्यायाम घेता येतात. व्हरांड्यातील शहाबादी फरशी ओली असेल तर तेथे पळू देऊ नये. आठवड्यातील एक दिवस नियमांच्या वर्गासाठी ठेवावा : फळ्यावर मैदान काढून, पंचांच्या खुणा दाखवून, ‘येथे कोण बाद?’ असे प्रसंग मुलांपुढे मांडावेत. नियम नीट माहीत असलेला कर्णधार सामन्यात पंचांशी वाद घालत बसत नाही, आणि अटीतटीच्या क्षणी टाइम-आउट कधी घ्यावा हे त्याला कळते. विजा चमकत असतील तर मैदान ताबडतोब रिकामे करावे आणि झाडाखाली कोणालाही थांबू देऊ नये.

बुद्धिबळ हा पावसाळ्याचा खेळ करून टाकण्यासारखा आहे. तो शालेय स्पर्धांत समाविष्ट आहे, त्याला जागा थोडी लागते, आणि २०२४च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातील ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचा असल्यामुळे मुलांना त्याचे आकर्षणही आहे. दोन मुलांमागे एक पट, शक्य तेथे घड्याळ, आणि प्रत्येक डाव लिहून काढण्याची सक्ती एवढे पुरे. डाव लिहिण्याची सवय लागलेले मूल स्वतःची चूक स्वतः शोधू लागते.

सामन्याचा दिवस

आदल्या दिवशी संघाला एकत्र बसवून ठिकाण, निघण्याची वेळ, कोणते कपडे आणि काय खायचे, हे सांगावे. सामने कधी हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात, कधी छत्रपती शिवाजी महाराज स्टेडियमवर, तर कधी एखाद्या शाळेच्या मैदानावर असतात. शहरातल्या शहरात सिटीलिंकची बस पुरते, परंतु दुसऱ्या तालुक्यात जायचे असेल तर एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी आधीच नोंदवावी. सिंहस्थाच्या काळात पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबकेश्वर रस्त्यावरची वाहतूक वारंवार वळवली जाते, म्हणून त्या काळातील सामन्यांसाठी किमान तासभर आधी निघावे.

शिक्षकांच्या पिशवीत पुढील गोष्टी असाव्यात :

- प्रवेशिकेची प्रत, खेळाडूंची ओळखपत्रे आणि प्रत्येकाची कागदपत्रांची फाइल
- क्रेप बँडेज, जंतुनाशक, कापूस, चिकटपट्टी, बर्फाची पिशवी, ओआरएसची पाकिटे आणि सॅनिटरी पॅड
- दोन जादा जर्सी, सुईदोरा आणि बुटांच्या जादा नाड्या
- सामना ठिकाणापासून सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा पत्ता. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा

सामन्याच्या दोन-तीन तास आधी पोळी-भाजी किंवा भाकरी आणि केळे असे हलके खाणे व्हावे. मिसळ नाशिककरांची कितीही आवडती असली तरी ती सामना संपल्यावरच खावी. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेसाठी गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि पाणी उत्तम. पाणी घोट घोट आणि वारंवार द्यावे.

मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका असणे ही औपचारिकता मानू नये. कपडे बदलण्याची बंद जागा आणि स्वच्छतागृह कोठे आहे, हे तिने पोहोचताच पाहून घ्यावे. पाळीच्या दिवशी खेळायचे की नाही, हे मुलीने ठरवावे, आणि तिने काहीही ठरवले तरी त्याची चर्चा संघात होऊ नये. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे संघातील मुलींना माहीत असावीत.

घोटा मुरगळला तर खेळ थांबवणे, बर्फ लावणे, पट्टी बांधणे आणि पाय उंच ठेवणे, हा क्रम मुलांनाही शिकवावा. डोक्याला मार लागलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि त्याला डॉक्टरांना दाखवावे. येथे सामना, चषक किंवा शाळेचे नाव यांपैकी काहीही आड येता कामा नये.

निर्णयाबद्दल हरकत असेल तर ती संघ व्यवस्थापकाने लेखी, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेले शुल्क भरून नोंदवावी. रेषेवर उभे राहून पंचांवर ओरडणाऱ्या शिक्षकाकडे बारा मुले पाहत असतात. हरलेल्या संघाची चिकित्सा त्याच संध्याकाळी करू नये. मुलांना घरी सोडावे, दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलावे, आणि बोलताना एकाही मुलाचे नाव घेऊन दोष देऊ नये.

मंडळांचे वर्ष

मंडळांची आखणी संघांच्या वेळापत्रकाला छेद देणार नाही अशी असावी. शनिवारी सकाळची शाळा असते तेथे शेवटच्या दोन तासिका मंडळांसाठी ठेवल्या तर एसटीने येणाऱ्या मुलांनाही भाग घेता येतो. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत हे जमत नसेल, तर दोन्ही सत्रांच्या मधल्या अर्ध्या तासाचा विचार करावा.

हरित सेनेचे काम जुलैत रोपे लावण्याने सुरू होते असे दिसते, परंतु झाड जगते किंवा मरते ते फेब्रुवारी ते मे या महिन्यांत. म्हणून प्रत्येक रोपाला दोन मुलांची नावे द्यावीत, त्यांपैकी एक शाळेजवळ राहणारा असावा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील पाण्याची पाळी एप्रिलमध्येच लिहून काढावी. पन्नास रोपे लावून पाच जगवण्यापेक्षा बारा लावून दहा जगवणे अधिक मोलाचे आहे. याच मंडळाने हिवाळ्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला एक सकाळ अवश्य जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हे अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. जाण्याआधी दहा पक्ष्यांची चित्रे मुलांकडून काढून घ्यावीत, म्हणजे तेथे पोहोचल्यावर दुर्बिणीसाठी ढकलाढकली न होता शोध सुरू होतो. सहलीसाठी शिक्षण विभागाची परवानगी लागते. अर्ज महिनाभर आधी करावा.

वाङ्मय मंडळाला नाशिकसारखे गाव मिळणे हे भाग्य आहे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय येथे आहे, आणि ज्यांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून २७ फेब्रुवारीला साजरा होतो ते कुसुमाग्रज याच गावात राहिले. त्या दिवशी पाच पाठ केलेली भाषणे ऐकवण्यापेक्षा वर्षभर काम करून एक हस्तलिखित प्रकाशित करावे. ऑगस्टमध्ये विषय, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत कच्चे लेखन, दिवाळीनंतर संपादन, जानेवारीत सुवाच्य अक्षरात लेखन आणि चित्रे, असा क्रम ठेवला की फेब्रुवारीत अंक तयार होतो. आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी, गोदाकाठच्या बाजारातील एखाद्या विक्रेत्याची मुलाखत, आपल्या गल्लीच्या नावाची कथा असे विषय द्यावेत; ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मुलांनी पुरेसे लिहिले आहे.

विज्ञान मंडळाने प्रदर्शनासाठी नोव्हेंबरमध्ये बाजारातून तयार प्रतिकृती आणण्याऐवजी ऑगस्टमध्येच एखादा मोजता येणारा प्रश्न घ्यावा. शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून जाते, किंवा मधल्या सुट्टीत किती अन्न वाया जाते, हे तीन महिने मोजलेले मूल परीक्षकांच्या प्रश्नांना घाबरत नाही. छात्रसेनेत आठवीत प्रवेश घेतलेल्या मुलांचे दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि शिबिर संघाच्या सामन्यांशी आदळू शकते, म्हणून शिबिराच्या तारखा कळताच क्रीडा शिक्षकांना द्याव्यात. शासकीय रेखाकला परीक्षेचे अर्ज कला शिक्षकांनी मुदतीआधी भरावेत, एवढे येथे पुरे.

दहावीची मुले

दहावीचे मूल संघात ठेवावे की नाही, हा प्रश्न दरवर्षी येतो. माझे मत असे आहे की ठेवावे, परंतु मर्यादा आखून. विभागीय स्तरापर्यंतचे सामने बहुधा दिवाळीच्या आसपास संपतात, आणि दहावीची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते. पालकांना जूनमध्येच बोलावून हे वेळापत्रक दाखवावे, सरावाचे दिवस आठवड्यात तीन ठेवावेत, आणि बुडालेल्या तासिकांची टिपणे मिळवून देण्याची जबाबदारी वर्गशिक्षकांनी घ्यावी. पालकांची भीती आदराने ऐकून घेतली की बहुतेक घरे परवानगी देतात.

पात्र खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दोन्हींसाठी कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र. सामना संपताच प्रमाणपत्रावरील नाव, वयोगट, स्तर आणि दिनांक तपासावा, चूक असल्यास तेथेच दुरुस्त करून घ्यावी, आणि मूळ प्रत मुलाकडे देऊन स्कॅन केलेली प्रत शाळेत ठेवावी. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आणि तेथून परीक्षा मंडळाकडे जातो. तो पाठवण्यात शाळेने एक दिवसही उशीर केला तर नुकसान मुलाचे होते. म्हणून पात्र मुलांची यादी डिसेंबरमध्येच तयार करावी.

पैसा आणि पालक

खर्चाचे चार भाग करावेत : साहित्य, गणवेश, प्रवास-भोजन आणि नोंदणी शुल्क. प्रवासाचा भाग नेहमीच कमी धरला जातो, कारण संघ जिंकेल असे कोणी गृहीत धरत नाही. जिंकलेला संघ विभागीय आणि राज्य स्पर्धेला जातो तेव्हा धावपळ होते. विभागीय स्तरापर्यंतची रक्कम जूनमध्येच राखून ठेवावी. ज्या घरांना बूट परवडत नाहीत त्यांची चौकशी सर्वांसमोर करू नये. माजी विद्यार्थी किंवा पालक-शिक्षक संघ यांच्याकडून सर्व संघाला एकाच वेळी बूट दिले की कोणाला कमीपणा वाटत नाही. प्रत्येक जमा-खर्चाची पावती नोंदवून तिमाही हिशेब पालक-शिक्षक संघासमोर ठेवावा.

एप्रिल : दप्तर पुढच्या हाती देणे

वर्षअखेरीस सर्व साहित्याची मोजणी करून फाटलेले, मोडलेले आणि हरवलेले असे तीन रकाने भरावेत, आणि नवे चेंडू व जाळी यांची मागणी सुट्टीआधीच मुख्याध्यापकांकडे द्यावी. क्रीडा शिक्षकांची बदली झाली किंवा मंडळाचे प्रमुख बदलले तरी काम अडू नये, यासाठी एकच जाड फाइल तयार करावी : त्या वर्षीची परिपत्रके, निवड चाचणीच्या नोंदी, प्रत्येक सामन्याचा निकाल, पुढील वर्षी कोणत्या वयोगटात कोण राहील याची जन्मतारखेनुसार यादी, प्रासंगिक कराराची पावती, रोपांना पाणी घालणाऱ्या मुलांची पाळी, आणि दहावी होऊन गेलेल्या पण सरावाला मदत करायला तयार असलेल्या खेळाडूंचे दूरध्वनी क्रमांक. फाइलची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि दुसरी क्रीडा साहित्याच्या खोलीत ठेवावी, आणि नव्या कर्णधारांची नावे निकालाच्या दिवशी, पालक शाळेत आलेले असतानाच जाहीर करावीत.